आजी-आजोबा आणि मुलांसह रेगन लायब्ररी: दिवसाची आखणी कशी करावी

भारतातून आलेल्या आई-बाबांना हॉलिवूड, डिस्नेलँड आणि सांता मोनिकाचा किनारा दाखवून झाला की पुढच्या शनिवारी कुठे न्यायचं, हा प्रश्न दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत दर उन्हाळ्यात निघतो. १९८१ ते १९८९ अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असलेल्या रोनाल्ड रेगन यांची सिमी व्हॅलीच्या टेकडीवरची अध्यक्षीय लायब्ररी हे त्याचं चांगलं उत्तर आहे. सात वर्षांची नात आणि सत्तरीचे आजोबा दोघंही रमतील अशी एक गोष्ट तिथे आहे: राष्ट्राध्यक्षांचं अख्खं विमान, तेही आत शिरून बघता येणारं. मात्र 'जाऊ, बघू' म्हणत अकराला पोचलात तर दुपारी दोन वाजता मुलं भुकेली, आजींचे गुडघे बोलायला लागलेले आणि विमानाची रांग अजून पुढेच, अशी अवस्था होते. थोडी आखणी केली तर हे सगळं टळतं.

जागा काय आहे, हे आधी घरात सांगा

लायब्ररी म्हटल्यावर पुस्तकांची कपाटं डोळ्यांसमोर येतात. इथे तसं काही दिसत नाही. अमेरिकी राष्ट्राध्यक्ष पायउतार झाला की त्याच्या कारकिर्दीतले कागद, छायाचित्रं, ध्वनिफिती आणि भेटवस्तू एका ठिकाणी जपतात आणि त्याला जोडून संग्रहालय उभारतात. फ्रँकलिन रूझवेल्टनी न्यूयॉर्क राज्यात हाइड पार्कला १९४१ मध्ये ही पद्धत सुरू केली, १९५५ मध्ये तिच्यासाठी कायदा झाला. आज हूव्हरपासून पुढच्या राष्ट्राध्यक्षांच्या लायब्रऱ्या राष्ट्रीय अभिलेखागार सांभाळतं. कारकिर्दीतले कागद राष्ट्राध्यक्षाच्या नव्हे, देशाच्या मालकीचे, असं १९७८ च्या कायद्यानं ठरलं आणि तो पूर्णपणे लागू झालेले पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणजे रेगन.

हे कागद ज्या खोल्यांत आहेत तिथे पर्यटकांना नेत नाहीत. कुणाला खरोखरच कागद पाहायचे असतील, समजा इंदिरा गांधींच्या जुलै १९८२ च्या किंवा राजीव गांधींच्या जून १९८५ च्या वॉशिंग्टन भेटीचे, तर संशोधन कक्षाशी आधी पत्रव्यवहार करून वेळ घ्यावी लागते. ते काम कुटुंबाच्या सहलीत बसत नाही. त्यासाठी वेगळा दिवस काढा.

कधी जावं, कधी टाळावं

संग्रहालय सकाळी दहाला उघडतं आणि पाचला बंद होतं. थँक्सगिव्हिंग, २५ डिसेंबर आणि १ जानेवारी हे दिवस सोडले तर एरवी रोज उघडं असतं. तरी निघण्याच्या आदल्या रात्री संकेतस्थळ बघायला विसरू नका. त्याची तीन कारणं आहेत.

पहिलं कारण म्हणजे कार्यक्रम. विमान ज्या दालनात आहे तेच मोठ्या समारंभांनाही वापरतात. रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारांचे वादविवाद सप्टेंबर २०१५ आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तिथेच, विमानाच्या सावलीत झाले. अशा वेळी मंच आणि कॅमेरे मांडायला काही भाग बंद ठेवतात. विमान बंद असेल तर मुलांसाठी निम्मी मजा गेलीच, म्हणून तारीख बदला.

दुसरं कारण आग. सप्टेंबरअखेरीपासून हिवाळ्यापर्यंत वाळवंटाकडून सांता आना नावाचे कोरडे, जोराचे वारे येतात आणि टेकड्यांवरचं वाळलेलं गवत पेटतं. ३० ऑक्टोबर २०१९ रोजी 'ईझी फायर' नावाचा वणवा इमारतीला अगदी भिडला होता. त्याच वर्षी मे महिन्यात शेकडो शेळ्या आणून भोवतालचं झुडूप चारून घेतलं होतं. त्या मोकळ्या पट्ट्यामुळे अग्निशमन दलाला आग थोपवायला जागा मिळाली. वाऱ्याचा इशारा असेल त्या दिवशी रस्ते कधीही बंद होऊ शकतात, सहल पुढे ढकलणंच शहाणपणाचं. (शेळ्यांची ही गोष्ट मुलांना गाडीत सांगा, विमानाइतकीच आवडते.)

तिसरं कारण सरकारी. वॉशिंग्टनमध्ये अर्थसंकल्पावरून अडलं आणि केंद्र सरकारचं कामकाज थांबलं की राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ठिकाणांवर त्याचा परिणाम होऊ शकतो.

गर्दीचं गणित सोपं आहे. फेब्रुवारीतला तिसरा सोमवार म्हणजे प्रेसिडेंट्स डे, ६ फेब्रुवारी म्हणजे रेगन यांचा जन्मदिवस आणि ४ जुलै हे दिवस सोडा. वसंत ऋतूत आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी शाळांच्या सहली येतात. आजी-आजोबा सप्टेंबरपर्यंत राहणार असतील तर शाळा सुरू झाल्यावरचा एखादा मंगळवार किंवा बुधवार गाठा.

तिकीट ऑनलाइन काढा. लहान मुलं, मोठी मुलं, प्रौढ आणि ज्येष्ठ यांचे दर वेगळे असतात आणि एखादं खास तात्पुरतं प्रदर्शन लागलं की ते बदलतात. ज्येष्ठांची सवलत घ्यायची तर वयाचा पुरावा लागू शकतो. त्यासाठी मूळ पासपोर्ट घेऊन हिंडू नका, त्याच्या पहिल्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवला तर सहसा काम भागतं.

रस्ता

लॉस एंजेलिसच्या मध्यापासून अंतर साधारण ७० किलोमीटर. ४०५ फ्रीवेवरून उत्तरेला जाऊन ११८ पश्चिम धरायचा. या ११८ लाच रोनाल्ड रेगन फ्रीवे म्हणतात. मदेरा रोड साउथच्या एक्झिटला उतरा, सुमारे ५ किलोमीटर सरळ जा आणि उजवीकडे प्रेसिडेन्शियल ड्राइव्हवर वळा. थाउजंड ओक्सकडून येणाऱ्यांनी २३ वरून ऑल्सन रोडला उतरावं. टेकडी चढताना दिव्यांच्या खांबांवर एकेका राष्ट्राध्यक्षाचा फलक दिसतो. मुलांना वॉशिंग्टनपासून नावं वाचायला लावा, गाडी वर पोचेपर्यंत मागची सीट शांत राहते.

रस्ता मोकळा असेल तर तासाभरात पोचता येतं, पण ४०५ मोकळा असण्याच्या भरवशावर राहू नका. दहाला आत शिरायचं तर मध्य लॉस एंजेलिसहून सव्वाआठला निघा. पार्किंगला पैसे पडत नाहीत. गर्दीच्या दिवशी मात्र गाडी उताराच्या कडेला लावावी लागते आणि चढ चालून यावं लागतं, म्हणून आधी दारापाशी थांबून आजी-आजोबांना उतरवा, त्यांच्याबरोबर एक मोठं माणूस ठेवा आणि मग गाडी लावायला जा. गाडी नसेल तर रेल्वेनं सिमी व्हॅली स्थानकापर्यंत येता येतं, पण स्थानक गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथून टॅक्सी करावी लागते, आणि परतताना टेकडीवर ती यायला वेळ लागतो, हे धरून गाडीच्या वेळेआधी निदान एक तास निघा.

सोबत काय घ्यावं

आत एसी चांगलाच गार असतो आणि बाहेर उन्हाळ्यात पारा ३५ अंशांपर्यंत चढतो. आजींसाठी शाल किंवा हलका स्वेटर आणि सगळ्यांसाठी टोपी, दोन्ही लागतात. बॅगांची तपासणी होईल असं धरून चला. सफरचंद कापायला घेतलेली सुरी, किल्ल्यांच्या जुडग्यातला छोटा चाकू, शिवणाच्या डबीतली कात्री, हे सगळं घरीच ठेवा. गोळ्यांची डबी आजोबांच्या खिशात किंवा हातातल्या पिशवीत हवी. गाडीत ठेवली तर ती आणायला कुणाला तरी उन्हात उताराखाली पळावं लागतं.

खाण्याचं थोडं तपशिलात. आत कॅफे आहे, पण शाकाहारी माणसाला निवडीला फारसा वाव नाही आणि कांदा-लसूण न खाणाऱ्याला तर जवळपास नाहीच. डबा नेणं उत्तम, मात्र दालनांत खाता येत नाही, तो गाडीतच राहणार. बंद गाडी उन्हात भट्टीसारखी तापते, त्यामुळे दहीभात, काकडीची कोशिंबीर, पनीर यांच्या वाटेला जाऊ नका. दुधात भिजवलेल्या दशम्या आणि कोरडी शेंगदाण्याची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, मेथीचे ठेपले हे बर्फाच्या पिशवीशिवायही टिकतं. ताक हवंच असेल तर आदल्या रात्री बाटली पाऊण भरून गोठवा. पूर्ण भरलीत तर गोठताना ताक फुगून बाटली तडकते.

आत: आधी विमान

बहुतेक माणसं दारातून शिरतात आणि दालनं क्रमानं बघत जातात: बालपण, हॉलिवूड, कॅलिफोर्नियाचं राज्यपालपद, व्हाइट हाउस. विमान शेवटी येतं. परिणामी साडेदहाला विमानापाशी चिटपाखरू नसतं आणि साडेबारानंतर रांग वाढत जाते. लहान मुलं किंवा गुडघेदुखीवाले बरोबर असतील तर उलट जा. दारातल्या कर्मचाऱ्याला एअर फोर्स वन पॅव्हिलियनचा, म्हणजे विमानाच्या दालनाचा, थेट रस्ता विचारा आणि आधी ते करून घ्या. दालनं नंतरही निवांत बघता येतात, तिथे रांग नसते.

हे विमान बोइंग ७०७ जातीचं, क्रमांक २७०००. निक्सन ते धाकटे बुश अशा सात राष्ट्राध्यक्षांनी ते वापरलं. लांबी सुमारे साडेशेहेचाळीस मीटर. तीन खांबांवर, नाक किंचित वर करून, काचेच्या उंच भिंतीकडे तोंड करून ते उभं केलंय, काचेपलीकडे दरी. 'धावपट्टी नाही, मग हे इथे आलं कसं?' हा प्रश्न मुलं विचारणारच. २००१ मध्ये ते सॅन बर्नार्डिनोच्या विमानतळावर शेवटचं उतरलं. तिथे पंख, शेपूट, इंजिनं सुटी केली, तुकडे ट्रकवर चढवून टेकडीवर आणले, पुन्हा जोडले आणि मग भोवतीची इमारत पूर्ण केली. पॅव्हिलियन ऑक्टोबर २००५ मध्ये खुलं झालं.

आत चढण्याआधी तीन गोष्टी. दारापाशी कर्मचारी कुटुंबाचा फोटो काढतात. तो नंतर विकत घेता येतो, घेतलाच पाहिजे असं नाही. विमानात स्वतःचे फोटो काढू देत नाहीत, तेव्हा मोबाइल खिशात टाका आणि मुलांना ते आधीच सांगा, नाहीतर दारातच रुसवा होतो. तिसरी गोष्ट, आतली वाट आजच्या मोठ्या विमानांपेक्षा अरुंद आहे. बाबागाडी बाहेर ठेवून बाळाला कडेवर घ्या. आजोबा व्हीलचेअरवर असतील तर रांगेत लागण्याआधी कर्मचाऱ्यांना सांगा, कारण रुंद चाकांची खुर्ची त्या वाटेत अडकते.

पुढून मागे चालत जायला पाच-सात मिनिटं लागतात आणि मागचे लोक ढकलत असतात, म्हणून काय बघायचं ते आधी ठरलेलं बरं. वैमानिकांची जागा, राष्ट्राध्यक्षांचा कक्ष, बैठकीचं टेबल, आणि अगदी मागे पत्रकारांच्या खुर्च्या. राष्ट्राध्यक्षांपासूनचं अंतर आणि माणसाचं महत्त्व यांचा हिशोब बसण्याच्या जागेवरूनच लागतो.

मुलांना सांगण्यासारखी एक खरी गोष्ट याच विमानाची आहे. 'एअर फोर्स वन' हे कुठल्या एका विमानाचं नाव नाही. राष्ट्राध्यक्ष ज्या हवाई दलाच्या विमानात असेल त्याला रेडिओवर तशी हाक मारतात. ९ ऑगस्ट १९७४ रोजी राजीनामा दिलेले निक्सन याच विमानानं कॅलिफोर्नियाला निघाले. वाटेत, मिझुरीवरून उडत असताना, तिकडे वॉशिंग्टनमध्ये फोर्ड यांचा शपथविधी झाला. वैमानिकानं जमिनीवरच्या नियंत्रकाला कळवलं आणि त्या क्षणापासून विमानाची हाक बदलून 'सॅम २७०००' झाली. केनेडींच्या हत्येनंतर जॉन्सन यांनी ज्या विमानात शपथ घेतली ते मात्र हे नव्हे. त्याचा क्रमांक २६०००, आणि ते ओहायोतल्या डेटनला हवाई दलाच्या संग्रहालयात आहे. आजोबांना हा घोळ हमखास होतो.

विमानाखाली राष्ट्राध्यक्षांचं हेलिकॉप्टर आणि ताफ्यातल्या गाड्या आहेत, आणि शेजारी एक अख्खा आयरिश पब. रेगन यांचे पणजोबा आयर्लंडमधल्या बॅलिपोरीन गावचे. १९८४ मध्ये रेगन त्या गावी गेले होते. तिथला त्यांच्या नावाचा पब पुढे उचलून इथे आणला. कॉफी घेऊन टेकायला आजी-आजोबांसाठी ही सगळ्यात सोयीची जागा.

दालनं: सगळं वाचू नका

सव्वा तास राखून ठेवा आणि चार ठिकाणी थांबा.

पहिलं, मुलांसाठी भाषणाचा मंच: समोरच्या पडद्यावर सरकणारी अक्षरं वाचून शपथविधीचं भाषण करायचं. दहा वर्षांपुढच्या मुलांना जमतं. त्याहून लहान मूल असेल तर शेजारी उभं राहून शब्द पुरवा.

दुसरं, ३० मार्च १९८१ ला रेगन यांच्यावर झालेला गोळीबार. इथे आवाज आणि चित्रफीत दोन्ही आहेत. घाबरणाऱ्या लहानग्यांना घेऊन पटकन पुढे सरका.

तिसरं, ओव्हल ऑफिसची, म्हणजे व्हाइट हाउसमधल्या राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीची, पूर्ण आकाराची प्रतिकृती. टेबलाकडे बघा. मूळ टेबल 'रेझोल्यूट' या ब्रिटिश जहाजाच्या लाकडाचं, राणी व्हिक्टोरियानं १८८० मध्ये भेट दिलेलं. रेगन उंच असल्यामुळे त्यांचे गुडघे अडत, म्हणून खाली बैठक घालून ते उंच केलं. टेबलावर 'हे होऊ शकतं' अशा अर्थाची छोटी पाटी आणि जवळपास जेली बीन्स दिसतील. पाइप सोडण्यासाठी रेगन यांनी या गोळ्या चघळायला सुरुवात केली. बाहेर पडताना दुकानात त्याच दिसतात आणि तिथे हट्ट सुरू होतो. एक पाकीट घ्यायचं की दोन, ते दुकानात शिरण्याआधीच ठरवून टाका.

चौथं, शीतयुद्ध. ऐंशीच्या दशकात रोजच्या वर्तमानपत्रात रेगन-गोर्बाचेव्ह वाचलेल्या पिढीला इथे सगळ्यात जास्त रस वाटतो. जिनिव्हातली भेट (१९८५), बर्लिनमधलं भाषण (१२ जून १९८७), मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार (८ डिसेंबर १९८७). आजोबांनाच वाटाड्या करा आणि तुम्ही मागे राहा.

कॉलेजच्या वयाची मुलं असतील तर त्यांना एक काम द्या: इथे काय थोडक्यात उरकलंय ते शोधा. अशी संग्रहालयं उभी राहतात त्या राष्ट्राध्यक्षाच्या चाहत्यांनी जमवलेल्या पैशांतून, साहजिकच मांडणी प्रेमाची असते. इराणला गुपचूप शस्त्रं विकून तो पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांकडे वळवला, त्या इराण-काँट्रा प्रकरणाला किती भिंत मिळाली? ऑगस्ट १९८१ मध्ये संपावर गेलेल्या अकरा हजारांहून अधिक हवाई नियंत्रकांना कामावरून काढलं, ते कुठल्या शब्दांत सांगितलंय? एड्सची साथ कुठे आहे? ही मांडणी बदलूही शकते. योर्बा लिंडाच्या निक्सन लायब्ररीत वॉटरगेटचं, म्हणजे ज्या प्रकरणामुळे निक्सनना राजीनामा द्यावा लागला त्याचं, दालन आधी निक्सनच्या बाजूनं बोलायचं. २००७ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागारानं ताबा घेतला आणि २०११ मध्ये ते पार नव्यानं मांडलं.

बाहेर: दुपार उतरल्यावर

जेवण आटोपून बाहेरचा भाग तीननंतर बघा. बर्लिन भिंतीचा खराखुरा तुकडा मागच्या बाजूला उभा आहे. एका अंगाला गुलाबी फूल आणि फुलपाखरू रंगवलेलं, तर दुसरं अंग कोरं करडं. नुसता फोटो काढून निघू नका, मुलांना दोन्ही बाजूंनी फिरवा. पश्चिमेकडची माणसं भिंतीपर्यंत येऊन रंगवू शकत होती. पूर्वेकडून भिंतीजवळ येणाऱ्यावर गोळी झाडली जायची.

रेगन यांची समाधी टेकडीच्या पश्चिम अंगाला आहे. ११ जून २००४ च्या संध्याकाळी, सूर्य मावळताना त्यांना इथे पुरलं. २०१६ मध्ये शेजारी नॅन्सी रेगन. हवा स्वच्छ असेल तर लांबवर पॅसिफिकची रेघ दिसते. इथे मुलांना आरडाओरडा करू देऊ नका, आणि त्या कमानदार दगडी भिंतीला टेकून फोटो काढू नका. आवारात एफ-१४ आणि काळं, कोनाकोनांचं एफ-११७ ही लढाऊ विमानंही उभी आहेत. उरलेला दंगा तिथे चालतो.

कामाच्या दिवशी साडेतीनच्या आत निघा, नाहीतर पाचपर्यंत थांबून खाली सिमी व्हॅलीत चहा-नाश्ता करा आणि साडेसहानंतर रस्त्याला लागा. मधल्या वेळात ४०५ वर अडकलात तर दिवसभराचा आनंद तिथेच जिरतो.

दुसरीकडे राहत असाल तर

संग्रहालयाच्या दुकानात अध्यक्षीय लायब्रऱ्यांचं पासपोर्टसारखं पुस्तक मिळतं, प्रत्येक ठिकाणी त्यात शिक्का मारून घ्यायचा. मुलांना हा नाद लागला की पुढच्या सहली आपोआप ठरतात. निक्सन यांनी राजीनाम्याच्या दिवशी व्हाइट हाउस सोडलं ते हेलिकॉप्टर योर्बा लिंडाला आहे, म्हणजे त्या दिवसाचा अर्धा प्रवास तिथे आणि अर्धा सिमी व्हॅलीत. मात्र दोन्ही एका दिवसात करायचं मनात आणू नका, मध्ये सगळं लॉस एंजेलिस आहे.

बॉस्टनवाल्यांना केनेडी लायब्ररी गाडीशिवायही जमते: रेड लाइननं जेएफके-यूमास स्थानक आणि तिथून मोफत बस. टेक्सासात तीन आहेत, ऑस्टिनला जॉन्सन, कॉलेज स्टेशनला थोरले बुश, डॅलसला धाकटे बुश. स्प्रिंगफील्डचं लिंकन संग्रहालय मुलांसाठी फार छान, पण ते इलिनॉय राज्याचं असल्यामुळे राष्ट्रीय अभिलेखागाराच्या यादीत येत नाही. मिशिगनमध्ये पत्ता दोनदा तपासा. फोर्ड यांची लायब्ररी ॲन आर्बरला आणि संग्रहालय ग्रँड रॅपिड्सला आहे, दोन्हींत गाडीनं दोन तासांचं अंतर. मुलांना घेऊन जायचं ते ग्रँड रॅपिड्सला.